चर्चमधला जुना ऑर्गन: आधी वारा, मग सूर

पेटीच्या पोटातून सगळ्यात आधी निघालं ते उंदराचं घरटं. लाल फेल्टच्या चिंध्या, शेंगांची टरफलं, गीतांच्या वहीची कुरतडलेली पानं आणि त्या गादीत जपून ठेवल्यासारखा एक नया पैसा. भुसावळच्या रेल्वे वसाहतीजवळच्या एका छोट्या चर्चचा हा ऑर्गन. पाळकसाहेब म्हणाले होते, "सूर गेलेत, सगळ्या रीड्स बदलून टाका." मी धुळ्याला भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करतो, माझाही पहिला अंदाज तोच होता. आम्ही दोघंही चुकलो. १२२ रीड्सपैकी, म्हणजे वाऱ्याने थरथरून सूर देणाऱ्या पितळी जिभांपैकी, खरोखर बिघडलेल्या निघाल्या चार. बाकीचा सगळा आजार भात्यात आणि झडपांत होता.

म्हणून या लेखातला क्रम मोडू नका. आधी वारा, मग झडपा, सूर सगळ्यात शेवटी. भाता गळका असताना सूर लावायला बसलात, तर भाता दुरुस्त झाल्यावर ते सगळे सूर पुन्हा लावावे लागतील, कारण वाऱ्याचा जोर बदलला की रीडचा सूरही थोडा हलतो.

हे वाद्य नेमकं कोणतं?

खानदेशातल्या जुन्या चर्चमध्ये "ऑर्गन" म्हणून जे उभं असतं ते बहुतेक वेळा पाइप ऑर्गन नसतं. पाइप म्हटलं की आमच्याकडे तसंही केळीच्या बागेतलं ठिबक आठवतं. पाइप ऑर्गन ही फार जुनी गोष्ट आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टेसिबियसने पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन केला, तिथून त्याचा वंश सुरू होतो. त्यात एकेका सुराला एकेक नळी. सगळ्यात खालच्या 'सी' सुराची उघडी नळी साधारण ८ फूट लांब. मुंबईत सेंट थॉमस कॅथीड्रल, कुलाब्याचं अफगाण चर्च, होली नेम कॅथीड्रल इथे असे ऑर्गन आहेत. त्यांच्या नळ्या शिसं आणि कथील यांच्या मिश्रधातूच्या, बोटानं दाबल्या तरी चेपतील इतक्या मऊ असतात. तसलं वाद्य तुमच्याकडे असेल तर उंदीर, पाणी आणि हौशी हात यांच्यापासून ते लांब ठेवा आणि त्यातला जाणकार कारागीर गाठा. पुढचा लेख त्यासाठी नाही.

आपल्याकडे असते ती पायपेटी, म्हणजे रीड ऑर्गन. नळ्यांच्या जागी पितळी जिभा. पॅरिसच्या अलेक्झांड्र दबेंने १८४२ मध्ये 'हार्मोनियम' या नावाचं पेटंट घेतलं. त्याच्या पेटीत भाता हवा दाबून बाहेर सोडायचा. अमेरिकेत मात्र उलटी पद्धत रुजली. तिथे भाता हवा आत ओढतो, त्यामुळे आवाज मऊ आणि गोल येतो. एमन्स हॅमलिन या कारागिराने १८४० च्या दशकात रीडच्या जिभेला किंचित बाक आणि पीळ देऊन तिचा आवाज घडवायची युक्ती काढली, आणि १८५४ मध्ये बोस्टनला मेसन अँड हॅमलिन कंपनी उभी राहिली. हा बाक लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरूनच मी एक मूर्खपणा करता करता वाचलो. व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबोरोच्या एस्टे कंपनीने १९६० मध्ये बंद होईपर्यंत पाच लाखांहून जास्त रीड ऑर्गन बनवले. जहाजाने, रेल्वेने, बैलगाडीने ते जगभर गेले. मिशनऱ्यांना पाइप ऑर्गन झेपणारा नव्हता, हा झेपला.

खानदेशात रेल्वे आली १८६० च्या दशकात. भुसावळला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मोठी वसाहत वसली, युरोपियन आणि अँग्लो-इंडियन कामगारांबरोबर चर्च आली. पश्चिमेला नंदुरबार-नवापूरकडे स्वीडिश मिशनऱ्यांनी काम केलं. आणि हे वाद्य फक्त चर्चचं राहिलं नाही. लहानपणी जळगावात गाणं शिकलेल्या बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत साथीला ऑर्गन असायचा, आणि मराठी नाट्यपदांचा तो भरलेला, लांबणारा सूर याच जातीच्या पेटीचा. आपली बसून वाजवायची हातपेटी हे तिचंच धाकटं भावंड. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास पाय काढून ती हातावर आणली.

तुमच्या पेटीत हवा आत ओढली जाते की बाहेर फेकली जाते हे आधी ठरवा. मागची फळी उघडा, एकाने पायटे (पायाने दाबायच्या फळ्या) हळू दाबायचे आणि एक पट्टी दाबून धरायची, दुसऱ्याने त्या रीडच्या तोंडाशी उदबत्तीचा धूर न्यायचा. धूर आत गेला तर अमेरिकन पद्धत, बाहेर उडाला तर दबेंची. चर्चमध्ये उदबत्ती काढल्यावर पाळकसाहेबांनी माझ्याकडे जरा तिरकं पाहिलं होतं, पण युक्ती त्यांनाही आवडली. निखारा मात्र भात्याच्या वाळक्या कापडापासून वीतभर लांब ठेवा. खाली लिहिलेलं सगळं अमेरिकन पद्धतीच्या पेटीला धरून आहे.

मागच्या फळीवर किंवा पट्ट्यांच्या खाली क्रमांक छापलेला किंवा कोरलेला सापडतो. मोठ्या कंपन्यांच्या क्रमांकावरून बनावटीचं वर्ष काढायचे तक्ते आहेत, एस्टेचेही आहेत. फळ्यांच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने कामगारांनी लिहिलेलं काही दिसलं तर ते पुसू नका, फोटो काढा.

कधी काम काढायचं

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो. लाकूड इतकं आकसतं की न गळणारी जागाही गळते, आणि तेव्हा चिकटवलेला जोड पावसाळ्यात फुगून उचकटतो. श्रावणात उलटं: सगळ्या पट्ट्या अडकतात आणि तुम्ही नको तिथे रंधा मारून बसता. रंधा मारलेलं लाकूड हिवाळ्यात परत येत नाही.

वही, फोटो आणि खोके

उघडण्याआधी शाळेची एक चौकटीची वही घ्या. या ऑर्गनला बहुधा ६१ पट्ट्या असतात, खालच्या 'एफ'पासून वरच्या 'एफ'पर्यंत. वहीत आडवे ६१ रकाने आणि उभे जेवढे स्टॉप असतील तेवढे. स्टॉप म्हणजे पट्ट्यांच्या वर ओढायच्या खुंट्या, त्यांवर नावं असतात: डायपेसन, मेलोडिया, डल्सियाना, व्हायोला, व्हॉक्स ह्युमाना, फोर्टे. 'डायपेसन ८' असं लिहिलेलं असतं तेव्हा आत ८ फुटी काही नसतं, रीड बोटाएवढीच असते. तो आकडा थोरल्या पाइप ऑर्गनकडून उसना घेतलाय. ८ म्हणजे पट्टीच्या जागचाच सूर, ४ म्हणजे एक सप्तक वर, १६ म्हणजे एक सप्तक खाली.

आता एकेक स्टॉप ओढून एकेक पट्टी दाबा. वाजली तर टिंब. मुकी असेल तर 'मु'. दाबल्याशिवाय वाजत राहत असेल तर 'चा', चालू राहते म्हणून. खरखरत असेल तर 'ख'. भाता पार फाटलेला असेल तर हे आत्ता जमणार नाही, मग तो झाल्यावर करा. ही वही पुढे सोन्यासारखी उपयोगी पडते. एकाच पट्टीवर सगळ्या स्टॉपमध्ये 'चा' आलं तर दोष झडपेचा किंवा पट्टीचा. एकाच स्टॉपमध्ये 'मु' आलं तर ती एक रीड घाणीने अडकलेली. रीड काढायच्या आधीच निदान होतं.

मग फोटो. प्रत्येक फळी काढायच्या आधी एक, काढल्यावर एक. स्टॉपच्या मागे तारांचं आणि लाकडी दांड्यांचं जाळं असतं. ते डोक्यात राहील असं वाटतं, राहत नाही. जुने स्क्रू गंजून लाकडाला धरलेले असतात. जोर लावला की डोकं मोडतं. तापलेला सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर दोन मिनिटं टेकवा, थंड होऊ द्या, मग योग्य मापाचा पेचकस लावून आधी किंचित घट्ट करा आणि मग सोडवा. प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर त्याच्या जागी खोचून ठेवा. शंभर-सव्वाशे वर्षांच्या पेटीत कुठलेही दोन स्क्रू सारखे नसतात.

खोलण्याचा क्रम साधारण असा: मागची फळी, समोरचं वही ठेवायचं पाट, स्टॉपची फळी, पट्ट्यांच्या पुढची अरुंद पट्टी, मग पट्ट्या. पट्ट्यांवर नंबर नसतील तर मागच्या टोकाला पेन्सिलीने टाका. पट्ट्यांच्या खाली लाकडी बारीक काठ्या उभ्या दिसतील, पट्टी दाबली की काठी खालची झडप ढकलते. त्याही क्रमाने ठेवा. त्यांच्या लांबीत केसाएवढा फरक असतो आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो. मग रीड्सचं वरचं घर स्क्रू काढून अख्खं उचला. दोन माणसं लागतात. आमच्याकडे पाळकसाहेब आणि सुतारदादा होते. सुतारदादा उचलता उचलता अहिराणीत विचारत होता, "काय भो, हाई वाजस का?" मी म्हटलं, आधी घाम तरी पूस.

सफाई कोरडीच करा. मऊ ब्रश आणि व्हॅक्युम क्लीनर, पण त्याच्या तोंडाला पातळ सुती कापड बांधा, नाहीतर सुटलेला फेल्ट किंवा एखादी बारीक स्प्रिंग पोटात जाते. रॉकेल नको, पाणी नको. उंदराच्या लेंड्या झाडताना तोंडाला मास्क बांधा, आणि तेवढ्याच जागेवर किंचित ओला फडका फिरवा, धूळ उडता कामा नये. बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर लाकडाला भुंगेरा लागलाय. औषध बाहेरच्या पेटीला लावा, आतल्या रीड्सवर फवारू नका.

भाता: इथे वेळ घालवा

अमेरिकन पेटीचा भाता तीन भागांचा. मध्ये एक जाड फळी. तिच्या एका बाजूला दोन छोटे भाते, पायट्यांना जोडलेले. दुसऱ्या बाजूला एक मोठा. पायटा दाबला की छोटा भाता उघडतो आणि मोठ्यातली हवा ओढून घेतो, पाय उचलला की स्प्रिंग त्याला मिटवते आणि ती हवा बाहेर जाते. मोठा भाता मिटत जातो. त्याच्या स्प्रिंगा त्याला उघडायला बघतात आणि हाच उघडायचा हट्ट म्हणजे रीडमधून हवा ओढणारी ताकद. वाजवणारा पाय मारतो, पण सूर स्थिर राहतो तो या मोठ्या भात्यामुळे.

स्प्रिंगांना हलक्यात घेऊ नका. त्या काढताना दोरीने बांधून घ्या. सुटलेली स्प्रिंग दात पाडते, अक्षरशः.

जुनं कापड काढायच्या आधी माप घ्या. भाता पूर्ण उघडल्यावर तोंडाशी किती इंच, घड्या किती, घडीतल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या केवढ्या, कापड लाकडावर किती चढलंय. जुनं कापड एका तुकड्यात सोलता आलं तर तोच तुमचा नमुना. सरसाचा (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या डिंकाचा) जुना थर काढायला कोमट पाण्यात पिळलेला फडका दहा मिनिटं ठेवा, मऊ झाला की बोथट पट्टीने खरवडा. लाकडापर्यंत खरवडायचं नाही.

आता माझी चूक सांगतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पायपेटीला मी रेक्झिन लावलं होतं. दिसायला सुरेख, वारा बिलकूल गळत नव्हता. दुसऱ्याच उन्हाळ्यात घडीच्या रेषेवर भेगा पडल्या, तिसऱ्या उन्हाळ्यात त्या भेगांतून बोट जायला लागलं. रेक्झिन ताठ असतं आणि आमच्या उन्हात आणखी ताठ होतं. हवं ते रबराचा थर दिलेलं सुती कापड: मोठ्या भात्याला जरा जाड, छोट्यांना पातळ. विकत घेताना कापडाला ओठ लावून जोरात फुंका. पलीकडे तळहाताला वारा लागला तर ते कापड नको, दुकानदार काहीही सांगो. हातपेटीच्या भात्याचा पुठ्ठा आणि कातडं इथे चालत नाही, घडी वेगळी पडते.

चिकटवायला सरस. फेव्हिकॉल लाकूड जोडायला मी रोज वापरतो, पण इथे नाही. पन्नास वर्षांनी कुणाला तरी हा भाता पुन्हा उघडावा लागणार आहे. सरस कोमट पाण्याने सुटतो, तो पांढरा डिंक लाकूड ओरबाडून निघतो. सुताराच्या सामानाच्या दुकानात दाणेदार सरस मिळतो. रात्री थंड पाण्यात भिजत घाला, दाणे बुडतील एवढंच पाणी. सकाळी ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून तापवा, साधारण ६० अंशांपर्यंत. उकळला तर सरसाची ताकद जाते. ब्रश उचलल्यावर मधासारखी सलग धार पडली की झाला.

आधी बिजागरीची बाजू, मग समोरची, मग दोन्ही कुशी. सरस लाकडाला लावायचा, कापडाची सुती बाजू त्यावर बसवायची आणि गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने घासत हवा बाहेर काढायची. हिवाळ्यात सरस मिनिटभरात आळतो, म्हणून दोघं जण लागतात, एक लावणारा आणि एक बसवणारा. लावताना भाता मापाच्या लाकडी ठोकळ्यावर उघडून ठेवा, नाहीतर कोपऱ्यात कापड कमी पडतं. मग रात्रभर हात लावू नका.

भात्याच्या फळीवरच्या भोकांवर कातड्याच्या पट्ट्या असतात, त्याच वाऱ्याच्या झडपा. त्या कडक झाल्या असतील तर बदला. मेंढीचं मऊ कातडं, लव असलेली बाजू लाकडाकडे. दोन्ही टोकं बारीक खिळ्यांनी ठोकायची, पण पट्टी तंग नको. किंचित सैल हवी, म्हणजे एका दिशेने वारा तिला उचलेल आणि दुसऱ्या दिशेने ती चपखल बसेल. मोठ्या भात्यात एक सुटकेची झडप असते. भाता पूर्ण मिटला की ती उघडून थोडी हवा आत घेते, म्हणजे जोरात पाय मारणाऱ्या हौशी मुलामुळे कापड फाटत नाही. ती विसरू नका.

पायट्यांचे पट्टे तुटले असतील तर खाटेची सुती नवार घ्या. रुंदी जवळपास तीच मिळते, आणि नायलॉनच्या पट्ट्यासारखी ती ओढली जाऊन सैल होत नाही.

गळती शोधणं

वरचं घर परत बसवा, सांध्यात जुनी कातड्याची किंवा फेल्टची पट्टी खराब असेल तर बदला. सगळे स्टॉप बंद करा, मोठा भाता पूर्ण मिटेपर्यंत पाय मारा, थांबा आणि घड्याळ बघा. काही न वाजवता भाता हळूहळू उघडू लागेल. नव्याने मढवलेल्या पेटीने निदान अर्धा मिनिट तरी काढलं पाहिजे, असं मी धरतो. भुसावळच्या पेटीने पहिल्या दिवशी चार सेकंद काढले होते.

लवकर उघडला तर पुन्हा उदबत्ती, पण आता नव्या कापडाजवळ, तेव्हा दुप्पट सांभाळून. धूर जिथे आत ओढला जातो तिथे भोक. घराच्या लाकडालाच बारीक चीर असेल तर तिच्यावर पातळ कातड्याची पट्टी सरसाने चिकटवा. चीर बुजवायला लांबी (पुट्टी) भरू नका, पावसाळ्यात लाकूड फुगलं की ती लांबी पाचरीसारखं काम करते आणि चीर वाढते.

आणि व्हॅक्युम क्लीनरची मोटर कायमची जोडून पायट्यांचा त्रास वाचवायची कल्पना कुणीतरी मांडेलच. त्या मोटरची ओढ या भात्याला लागणाऱ्या ओढीच्या कितीतरी पट असते. जुनं कापड फाटेल, रीड्स किंचाळतील.

झडपा आणि पट्ट्या

प्रत्येक पट्टीखाली एक लांबट लाकडी झडप, तिला वरून फेल्ट आणि कातडं. कातड्यावर भोकाचा ठसा खोल उमटलेला असेल तर वारा गळतो. कातडं फक्त मळलं असेल तर ब्रशने लव उभी करा, भागतं. कसर लागून फेल्ट खाल्लं गेलं असेल तर पूर्ण बदला. झडपांना जागेवर धरणाऱ्या वाटाड्या खिळ्यांवर गंज असतो. तो बारीक पॉलिश पेपरने काढा आणि पेन्सिलीचं शिसं घासा. तेल अजिबात नको. तेल धूळ धरतं, आणि दोन वर्षांनी झडप तिथेच चिकटते. वहीत लिहिलेले बहुतेक 'चा' इथेच संपतात.

व्हॉक्स ह्युमाना म्हणजे मागे फिरणारा एक पंखा. वाऱ्याने फिरतो आणि सुराला कंप देतो. त्याच्या आसाला मात्र शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब चालतो.

आता रीड्स

रीड म्हणजे पितळी चौकटीवर एका टोकाला रिव्हेटने बसवलेली पितळी जीभ. ती लाकडी खणात सरकवलेली असते आणि मागच्या खाचेत आकडा अडकवून बाहेर ओढायची असते. आकडा मी जुन्या सायकलच्या आऱ्याची तार वाकवून आणि घासून केलाय. एका वेळी एकच रीड काढा, झाली की परत घाला. सगळ्या एकदम काढायच्याच असतील तर पुठ्ठ्याला ६१ चिरा पाडा आणि क्रमाने खोचा.

पितळ दिसलं की आपला हात चिंचेकडे जातो. जाऊ देऊ नका. चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर हे सगळं देवघरातल्या समईसाठी. घासलं की धातू झिजतो, वजन बदलतं आणि सूर सरकतो, शिवाय पावडर जिभेच्या फटीत बसते. मऊ कोरडा दातब्रश, जिभेच्या दिशेने, रिव्हेटकडून टोकाकडे. बस्स. काळपट पितळ वाजायला उत्तम असतं.

मुकी रीड: जिभेखाली पातळ कागद सरकवून हलकेच ओढून घ्या. मला एकदा एवढ्यासाठी सापडला तो माशीचा एक पाय. खरखरणारी रीड: जीभ चौकटीच्या काठाला घासतेय. उजेडासमोर धरून दोन्ही बाजूंची फट बघा आणि जीभ मधोमध आणा. रिव्हेट सैल असेल तर सपाट लोखंडावर ठेवून हातोडीची एक हलकी टिचकी. तुटलेली रीड मात्र जोडता येत नाही. ती जुन्या मोडीत निघालेल्या ऑर्गनमधूनच मिळवावी लागते. भावनगरजवळच्या पालिताण्याच्या रीड्स हातपेटीसाठी नावाजलेल्या आहेत आणि मीही त्याच वापरतो, पण त्यांची चौकट या खणात बसत नाही.

आणि तो बाक. पहिल्या दिवशी जिभांची टोकं वाकलेली पाहून मला वाटलं, वर्षानुवर्षांनी वाकल्यात, सरळ करू. चिमटा हातात घेतला होता. मग शेजारची बघितली, तीही तशीच, आणि तिच्या शेजारचीही. ६१ रीड्स एकाच मापाने आपोआप वाकत नाहीत. हॅमलिनची ती युक्ती हीच. सरळ केली असती तर त्या स्टॉपचा आवाज कायमचा गेला असता.

सूर लावणं

नियम सोपा आहे, हात चालवणं अवघड. जिभेच्या टोकाकडे धातू खरवडला की सूर चढतो, रिव्हेटकडे खरवडला की उतरतो. जिभेखाली पातळ पोलादी पट्टी आधाराला ठेवा, खरवडणी अगदी हलकी, दोन-तीन ओरखडे. रीड परत घाला आणि पाच मिनिटं थांबा. हाताच्या उबेने ती उतरलेली असते, लगेच ऐकलं तर फसाल. म्हणूनच सूर सकाळी गारव्यात लावायचे, एका बैठकीत दहा-बारा रीड्सपेक्षा जास्त नाही. आधी फक्त साफ करून सगळ्या तपासा. माझ्या वहीतले बेसूर निम्म्याहून जास्त सफाईनेच सुरात आले.

मोबाइलवरच्या ट्यूनरने गोंधळ होईल. तो 'ए' सुराला सेकंदाला ४४० कंपनं धरतो. हे ४४० आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालं ते १९३९ मध्ये. फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ ठरवलं होतं आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकन कारखान्यांनीही ते घेतलं. त्यामुळे जुनी पेटी आजच्या कीबोर्डपेक्षा सुमारे २० सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्श्याने खाली लागते. ती बेसूर नाही. १२२ रीड्स खरवडून ४४० वर नेण्याचा अट्टहास म्हणजे १२२ वेळा धातू कमी करणं, जो परत घालता येत नाही. ट्यूनरमध्ये ४३५ घाला आणि पेटी तिच्या घरीच ठेवा. गिटारवाल्या पोरांनी आपल्या तारा थोड्या उतरवाव्यात.

'सेलेस्टे' नावाचा स्टॉप असेल तर त्याच्या रीड्स सुरात आणू नका. कारखान्यातच त्या किंचित सरकवलेल्या असतात, शेजारच्या रांगेशी घासून लाटा याव्यात म्हणून. एका जुन्या पेटीत कुणीतरी त्या मोठ्या कष्टाने 'बरोबर' केलेल्या पाहिल्या आहेत.

बाहेरची पेटी आणि तिची जागा

जुनं पॉलिश उतरवू नका. पिळलेल्या मऊ फडक्याने पुसा, सुकू द्या, जिथे उडालंय तिथे चपड्याचं पातळ स्पिरिट पॉलिश द्या. नावाच्या सोनेरी अक्षरांवरून फक्त कोरडा ब्रश. ऑइलपेंट नको, कितीही चकाचक दिसला तरी.

पेटी खिडकीपासून लांब, भिंतीपासून वीतभर पुढे, पायांखाली लाकडी ठोकळे, म्हणजे फरशी पुसतानाचं पाणी आणि वाळवी दोन्ही दूर राहतील. उन्हाळ्यात चर्चमध्ये कूलर लागतोच. त्याच्या ओल्या झोताच्या समोर ऑर्गन नको. भुसावळला तो नेमका तिथेच होता, आणि भात्याच्या त्या बाजूचा सरस बुरशीने गेला होता. पायट्यांच्या उघड्या तोंडाला आतून बारीक तारेची जाळी ठोका, उंदरांचा रस्ता तोच. वरून सुती चादर, प्लास्टिक नाही. आणि आठवड्यातून एकदा तरी सगळे स्टॉप ओढून ती वाजली पाहिजे.

ती नोंदवही पेटीतच ठेवा. मागच्या फळीच्या आत पेन्सिलीने तारीख आणि काय बदललं ते लिहा. नया पैसाही आम्ही तिथेच परत ठेवला, सुतारदादाचा आग्रह.

पहिल्या पावसानंतर दोन-तीन पट्ट्या अडकतील. पट्टी बाहेर काढा, कडेला कुठे चकाकी आलीय ते बघा, लाकूड तिथेच घासतंय. त्या जागी पेन्सिलीचं शिसं लावा आणि आठवडाभर थांबा. तरीही अडकली तर बारीक पॉलिश पेपरचे दोन हात, तेवढ्याच जागेवर, आणि वहीत पट्टीचा नंबर.